शरदातलं पित्त

सास्तूरच्या अलीकडं, तेरणेच्या अंगाला बेलवाडी नावाचं लहानसं गाव होतं. तिथं वीरप्पा वैद्यांचं घर चार पिढ्यांपासून औषध देत आलेलं. निजामाचं राज्य होतं, सरकारी दवाखाना लांब तालुक्याला, त्यामुळं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं दुखलंखुपलं की बैलगाडी जुंपून वीरप्पांकडंच यायची. त्यांचा थोरला मुलगा सिद्रामप्पा. गोरा, तांबूस अंगाचा, पाठीवर तिळांची खिरापत उधळलेली, भूक लागली की डोळ्यांपुढं अंधारी येणारा आणि राग आला की कुणाला न आवरणारा.

मिसरूड फुटायच्या वयात त्यानं एकदा गाईला मारलं. तिनं दुधाच्या चरवीला लाथ मारली एवढंच झालं होतं. पण त्यानं हाताला लागलेल्या दांडक्यानं तिला असं बडवलं की ती खाली बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. वीरप्पा रानातून आले, त्यांनी गाय पाहिली, पोराकडं पाहिलं. ओरडले नाहीत. त्याला ओट्यावर बसवलं, त्याचीच तीन बोटं त्याच्याच मनगटावर ठेवली.

"काय लागतंय?"

"उडी मारल्यावाणी लागतंय."

"बेडूक कसा जातो, तशी?"

"व्हय."

"ही पित्ताची चाल. तुझ्यात ऊन जास्ती हाय, सिद्राम. जन्मापासनं हाय. तुझी आज्जी अशीच होती."

पोराला वाटलं, आता वडील त्यावर काढा देतील आणि आपण मोकळं होऊ. वीरप्पा म्हणाले, "ह्याला औषध न्हाय. हा रोग न्हायच. रोग झाला तर बरा करता येतो, पिंड कसा बरा करायचा? तो वळखून राहायचं. तुझी नाडी तुला कळायला लागली, की मग दुसऱ्याची शिकवीन."

पुढं कितीतरी वर्षं रोज सकाळी सिद्रामप्पा वडिलांसमोर बसून आपली नाडी सांगत असे. काल काय खाल्लं, झोप कशी लागली, तळपाय जळजळले का, तोंडाला आंबट पाणी सुटलं का, कुणाचा राग मनात राहिला का. हे शेवटचं सांगायला त्याला सगळ्यात जड जायचं. ठेच्यावर त्याचा भारी जीव. वीरप्पांनी तो बंद केला. उन्हाच्या वेळी रानात जायचं नाही, दही संध्याकाळी खायचं नाही, धने रात्रभर भिजवून त्याचं पाणी सकाळी प्यायचं, भाकरीवर तूप घ्यायचं. बरोबरीची पोरं हसायची. तो चिडायचा, मग चिडलो म्हणून दुसऱ्या दिवशी वडिलांना सांगायचा.

असं करता करता राग गेला नाही, पण त्याची चाहूल लागायला लागली. आधी कानशिलं तापायची, मग आवाज बारीक व्हायचा, मग समोरच्याचं बोलणं निम्मंच ऐकू यायचं. हे तिसरं आलं की तो उठून आडावर जायचा आणि पायांवर पाणी ओतून घ्यायचा. एके सकाळी वीरप्पांनी स्वतःचं मनगट त्याच्यापुढं केलं. त्या दिवसापासून त्याचं शिकणं सुरू झालं.

वीरप्पांनी त्याला शिकवलं ते मुख्यतः माणूस बघणं. एकाच घरातल्या दोन जावा छातीत जळजळतंय म्हणून यायच्या. एकीला ते मनुका आणि ज्येष्ठमध द्यायचे, दुसरीला नुसतं सुंठीचं कोमट पाणी. सिद्रामप्पानं कारण विचारलं तर म्हणायचे, "हिची आग जास्ती झालीय, तिची विझत आलीय. दोघींना जळजळच वाटती. दुखणं तोंडानं सांगतात, पण पिंड सांगत न्हाईत, तो आपण बघायचा." शरद ऋतूबद्दल ते विशेष सांगत. पावसाळाभर अंगात ऊन साठतं, वरून गारवा असतो म्हणून कळत नाही. भादवा सरता सरता ढग फाटतात, कोवळ्या अंगावर कडक ऊन पडतं, आणि साठलेलं सगळं एकदम उसळतं. त्या दिवसांत वैद्यानं आळस करू नये.

वीरप्पा गेले तेव्हा सिद्रामप्पाची कानशिलं पांढरी व्हायला लागली होती, वय तिशीचंही नव्हतं. घरात बायको सिताबाई आणि धाकटा भाऊ बसवराज. बसवराज एवढा लहान होता की वडील कोण आणि भाऊ कोण हे त्याला नीट उमगायच्या आधीच वीरप्पांना लिंगायतांच्या रीतीनं मातीत बसवलं होतं. त्याला वाढवलं ते सिद्रामप्पानंच.

औषधाचा कच्चा माल यायचा नबीलाल अत्ताराकडून. वाळा, अनंतमूळ, सब्जा, निशोत्तर, गुलाबाच्या वाळल्या पाकळ्या असलं काहीही हवं असलं तरी नबीलालच्या दुकानात ते सापडायचंच. सास्तूरच्या बाजाराला तो पाल ठोकून बसायचा, एरवी बेलवाडीत मशिदीशेजारच्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत. अंगानं जाडसर, बोलण्याचालण्यात संथ. एखादी पुडी बांधायला लागला की गिऱ्हाइकानं उभ्या उभ्या पेंगावं. सिद्रामप्पाला त्याच्या ह्या संथपणाचा राग यायचा आणि नेमकं त्याच्याच जवळ बसावंसं वाटायचं.

नबीलालच्या बापानं थोडीफार युनानी हकिमी केलेली. त्यामुळं दोघांचा वाद चालायचा. नबीलाल म्हणायचा, "तुमी पिंड म्हणताव, आमी मिजाज म्हणतो. तुझा गरम, माझा बलगमी, कफाचा. अल्लानं दोघांला एका गावात ठिवलं, न्हायतर तू गाव जाळलं असतंस आन म्या झोपून राहिलो असतो."

नबीलाल आणि त्याची बायको जैनबबी यांना मूल नव्हतं. नबीलालचा भाऊ पटकीच्या साथीत गेला, त्याचा मुलगा चाँदपाशा त्यांनी पदरात घेतला होता. पोरगं सिद्रामप्पाच्याच वळणाचं. तसंच तांबूस, तसंच तापट. बसवराज आणि तो तेरणेच्या डोहात एकत्र पोहायला शिकले. भांडले की चाँदपाशा आधी मारायचा आणि मग रडायचा. जैनबबी त्याला घेऊन वैद्याच्या ओट्यावर यायची. "आप्पा, ह्याचं डोकं थंड होईल असं काय तरी द्या."

"धन्याचं पाणी द्या, जैनबबी. आन तो रडतो तवर काळजी करू नका," सिद्रामप्पा म्हणायचा.

पोरं मोठी झाली तसे दिवस बदलत गेले. इकडं इंग्रज जायच्या गोष्टी आणि तिकडं निजाम स्वतंत्र राहणार म्हणून हाकाटी. गावोगाव निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या कवायती सुरू झाल्या. बसवराजचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. बायको कळंबची, तारामती. तिच्या हातावरची मेंदी फिकी होते न होते तोच तो गावातल्या श्रीमंतबरोबर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या, सरहद्दीपलीकडच्या कँपात निघून गेला. श्रीमंत पाटलाच्या भावकीतला, बसवराजचा जिवाभावाचा दोस्त. जाताना बसवराजनं भावाला सांगितलं नाही, तारामतीला सांगितलं. पुढच्या महिन्यात चाँदपाशानं रझाकारांचे खाकी कपडे घातले. नबीलालनं त्याला घराबाहेर काढायची धमकी दिली, जैनबबीनं पाय धरले. तो आधी ओरडला, पण या खेपेला रडला नाही.

आषाढात एका पहाटे कडब्याच्या गाडीत घालून बसवराजला घरी आणलं. सरहद्दीजवळच्या एका वस्तीवर कँपवाल्यांची आणि रझाकारांची गाठ पडली होती. गोळी गळ्याच्या खाली लागलेली. श्रीमंत गाडीबरोबर आला होता. त्यानं अंगणात उभं राहूनच सांगितलं, "त्यांच्यात चाँदपाशा होता. म्या डोळ्यांनी बघितला." एवढं बोलून उजाडायच्या आत तो परत निघून गेला. जंगमाला बोलावून, फार गाजावाजा न करता, घरच्याच रानात बसवराजला वडिलांच्या शेजारी मातीत बसवलं. तारामतीला तिच्या भावानं नेतो म्हटलं, ती गेली नाही.

त्या दिवसापासून सिद्रामप्पा नबीलालच्या दुकानाची पायरी चढला नाही. नबीलाल भेटायला आला तो अंगणातूनच परत गेला. सिताबाईनं त्याला बसा म्हटलं, सिद्रामप्पा आतून बाहेर आला नाही. लागणारी औषधं तो सास्तूरहून दुसऱ्याकडून आणायला लागला.

रोगी येतच होते. धोंडीबा धनगर लघवीला आग होते म्हणून आला. रोजचं साधं दुखणं. सिद्रामप्पानं नाडी पाहिली, पोट दाबलं, जुलाबाचं रेचक दिलं. दुसऱ्या दिवशी धोंडीबाच्या घरचे धावत आले. माणूस उठेना, डोळे खोल गेलेले. सिद्रामप्पा जाऊन बसला, साळीच्या लाह्यांचं पाणी चमच्यानं पाजत राहिला. धोंडीबा वाचला. पण वाटेनं घरी येताना सिद्रामप्पाच्या लक्षात आलं की आपण धोंडीबाची नाडी धरली तेव्हा ती आपल्याला मजबूत लागली होती. खरं तर आपल्याच बोटांत ठोके पडत होते. समोरचा म्हातारा माणूस आपल्याला दिसलाच नव्हता. घरी येऊन त्यानं सिताबाईला सांगितलं, कुणी आलं तर सास्तूरला पाठव, मी औषध देणार नाही.

मग भादव्यात फौजा आल्या. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. लोक त्याला पोलीस ॲक्शन म्हणायला लागले. पेढे वाटले गेले, झेंडे लागले. आणि त्याच आठवड्यात धूर दिसायला लागला, आज या गावाकडून, उद्या त्या गावाकडून. ज्यांनी जुलूम केले होते ते बहुतेक आधीच पळाले होते. सापडले ते घरात राहिलेले. बेलवाडीच्या मुसलमान गल्लीतली निम्मी घरं रिकामी झाली. श्रीमंत खांद्यावर बंदूक घेऊन गावात परतला आणि मारुतीच्या पारावर बसायला लागला. ढग गेले होते, आणि दुपारचं ऊन असं पडत होतं की भिंतीला हात लावू नये.

अशाच एका दुपारी जैनबबी परसदारानं आली. तिला आत घेऊन सिताबाईनं दार लोटून घेतलं. जैनबबी चुलीपाशी जमिनीवर बसली.

"आप्पा, चाँदपाशा घरी हाय. तुरीच्या रानात लपला होता, काल त्याच्या चाचानं आणला. अंगाला हात लावू दीना एवढा तापलाय. नाकातनं, तोंडातनं रक्त पडायलंय." तिनं पदर तोंडात धरला, मग सोडला. "मला ठाऊक हाय म्या कुणाच्या दारात आलेय ते. दुसरं दार न्हाय म्हणून आलेय."

आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर तारामती उभी होती. तिनं सगळं ऐकलं. सिद्रामप्पानं तिच्याकडं पाहिलं नाही. त्यानं औषधाची पिशवी घेतली आणि जैनबबीच्या पुढं होऊन रस्त्याला लागला.

पारावर श्रीमंत आणि आणखी काही जण बसले होते. जैनबबी मागं राहिली, श्रीमंत उठून त्याच्याबरोबर थोडं चालला. आवाज अदबीचा होता.

"आप्पा, आमाला कळलंय तो आत हाय. आमी शिरणार न्हाय, नबीलालचं घर हाय. पण ते पोरगं गावातून चालत जाणार न्हाय, एवढं नक्की." मग जवळ सरकून तो म्हणाला, "तुमचा भाऊ गेलाय. तुमच्या हातानं काय व्हायचं ते होऊ द्या. रोगी हाय, दगावला तर कोण विचारणार हाय?"

सिद्रामप्पा पुढं चालू लागला. दहा पावलं गेल्यावर त्याला जाणवलं की आपल्याला श्रीमंतचा राग आलेला नाही. असं काही कानावर पडलं तर त्याच्या अंगाचा भडका उडायला हवा होता. तो उडाला नाही, याचीच त्याला भीती वाटली.

नबीलाल दारातच बसला होता. गळ्याखालचं मांस लोंबत होतं, इतका वाळला होता. त्यानं बाजूला सरकून जागा दिली. आत गोधडीवर चाँदपाशा पडला होता. डोळे लालपिवळे, ओठांवर रक्त वाळलेलं, उशाशी राखेच्या टोपलीत ताजं. खांदे मात्र तसेच रुंद होते. सिद्रामप्पा शेजारी बसला आणि त्यानं बोटं ठेवली. बोटांखाली बेडूक उड्या मारत होता. ही चाल तो रोज सकाळी आपल्या मनगटावर मोजत आला होता.

चाँदपाशानं डोळे उघडले. "आप्पा," तो म्हणाला, "म्या होतो तिथं. आमी सगळ्यांनी झाडल्या. गोळी कुणाची लागली त्ये मला म्हाईत न्हाय."

"बोलू नको. रक्त वर चढतंय."

"तुमाला सांगायचं होतं."

"सांगितलंस. आता गप पड."

सिद्रामप्पा उठून मागच्या अंगणात आला. पिशवीतली निशोत्तराची, जुलाबाच्या मुळीची पूड त्यानं बाहेर काढली. वडिलांनी पाठ करून घेतलेलं त्याला स्पष्ट आठवत होतं: पित्तानं बिघडलेलं रक्त वरच्या वाटेनं जात असेल तर खालची वाट मोकळी करावी. रेचक द्यावं. रोगी बळकट असेल तर. आणि रोगी अशक्त असेल तर चुकूनही देऊ नये, रक्ताबरोबर जीवही निघून जातो. म्हणजे सगळं एका गोष्टीवर होतं. आत पडलेल्या पोराच्या अंगात बळ आहे की नाही. आणि त्याला ते दिसलं होतं. ते रुंद खांदे, ते दंड. बळ आहे. रेचक देता येईल. शास्त्राला धरून देता येईल. उद्या कुणी विचारलं तर सांगता येईल.

तो पूड हातात धरून उभा राहिला. कानशिलं तापलेली नव्हती, आवाज बारीक झालेला नव्हता. पण जैनबबी वाटेनं काहीतरी सांगत आली होती, ते त्याला आता आठवेना. निम्मंच ऐकलं होतं. त्यानं पूड पुन्हा पिशवीत टाकली, रांजणातलं पाणी पायांवर ओतलं आणि नबीलालला बोलावलं.

"नबीलाल, तू आत जा. त्याचा दंड धरून बघ, पोट बघ, उठवून बसता येतं का बघ. आन मला सांग, ह्याच्यात बळ किती हाय."

"तू आत्ताच बघितलंस की."

"म्या बघितलं. मला बळ दिसलं. पण माझ्या बघण्यावर आज माझा भरवसा न्हाय."

नबीलालनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्याला काय समजायचं ते समजलं असावं, कारण त्याचा हात भिंतीला टेकला. सवयीप्रमाणं तो सावकाश आत गेला आणि सावकाश बाहेर आला. सिद्रामप्पाला त्या संथपणाचा त्या दिवशी आधार वाटला.

"काय उरलं न्हाय रे त्याच्यात," नबीलाल म्हणाला. "हाडं तेवढी मोठी हायेत. फौजा आल्यापासनं तुरीत होता, पोटात दाणा न्हाय, डबक्यातलं पाणी पीत होता. बसवला तर मान पडायली. जुलाब दिलास तर दिवस मावळंपर्यंत टिकायचा न्हाय."

"मग जुलाब न्हाय," सिद्रामप्पा म्हणाला.

त्यानं अडुळशाच्या पानांचा रस काढायला सांगितला, खडीसाखर घालून. दूर्वांचा रस. साळीच्या लाह्यांचं पाणी, भिजल्या मनुका कुस्करून. तांब्याच्या परातीत पाण्यानं धुऊन धुऊन पांढरं केलेलं तूप तळपायांना आणि कपाळाला. "म्या सांगतो, तू माप. पुड्या तूच बांध. माझ्या हातची एक पण देऊ नको. आन तोंडात घालायच्या आधी दर खेपेला तू वास घे."

"एवढं कशाला, सिद्राम?"

"म्या सांगतो म्हणून."

तो रोज जात राहिला. रोज तो नाडी बघायचा आणि मग नबीलालला बघायला लावायचा. दोघांचं जुळलं तरच पुढचं औषध ठरायचं. हे सोपं नव्हतं. चाँदपाशा पाणी पिताना त्याच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची आणि सिद्रामप्पाच्या डोळ्यांपुढं दुसरा गळा यायचा. मग तो उठून अंगणात जायचा, नबीलाल आत बसायचा. रक्त आधी नाकातून थांबलं, मग तोंडातून. ताप उतरला. चाँदपाशा भिंतीला टेकून बसायला लागला. तो सिद्रामप्पाकडं बघायचा, पण त्या दिवसानंतर दोघं एकमेकांशी औषधापलीकडं बोलले नाहीत.

पोरगं उभं राहायला लागलं तशी पारावरची गर्दी वाढली. नबीलालनं विचारलं, "आता काय करू?"

"सास्तूरच्या रस्त्यावर फौजेचा तळ हाय. त्यांच्या हाती दे. केलंय त्याचा जाब तिथं देईल."

"तळापर्यंत पोचू देतील का?"

सकाळी नबीलालनं गाडी जुंपली. चाँदपाशा उघड्या गाडीत बसला, अंगावर चादर. सिद्रामप्पा गाडीच्या शेजारून, चाकाला लागून चालत निघाला. पारापाशी माणसं उभी राहिली. श्रीमंतच्या हातात बंदूक होती. सिद्रामप्पानं चाल कमी केली नाही की जास्त केली नाही. मेलेल्याचा सख्खा भाऊ गाडीला खेटून चाललेला, त्याला ओलांडून गाडीवर हात टाकायला कुणी पुढं झालं नाही. श्रीमंतनं फक्त एवढंच म्हटलं, "आप्पा, बसवराज तुमाला बाप म्हणायचा." सिद्रामप्पाला ते ऐकू आलं. तो चालत राहिला.

घरावरून गाडी गेली तेव्हा तारामती दारात होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला नाही. चाँदपाशानं मान खाली घातली. गाडी वळेपर्यंत ती तशीच उभी होती. दुसऱ्या दिवशी ती सिताबाईला सांगून माहेरी, कळंबला निघून गेली.

चाँदपाशाला धाराशिवच्या तुरुंगात नेलं. पुढं सुटल्यावर तो बेलवाडीला आला नाही, हैदराबादेकडं कुणा नातेवाइकाकडं राहिला असं जैनबबीला कळलं. श्रीमंतच्या घरातून नंतर कुणी औषधाला आलं नाही. आणखी काही घरंही तुटली. सिद्रामप्पानं चाँदपाशाला माफ केलं असं लोक म्हणायला लागले, तेव्हा मात्र तो भर बाजारात चिडला. "माफ केलं असं म्या कुणाला सांगितलंय? रोगी होता, औषध दिलं. बाकीचं माझं मला बघू द्या." नबीलालच्या दुकानाची पायरी तो पुन्हा चढायला लागला, पण दोघांच्या बोलण्यात चाँदपाशाचं नाव कधी आलं नाही. औषध द्यायला त्यानं पुन्हा सुरुवात केली, ती एका अटीवर. मन ठिकाणावर नसेल त्या दिवशी तो सरळ सांगायचा, "आज न्हाय, उद्या या." पहिल्यांदा लोकांना हे विचित्र वाटलं. मग अंगवळणी पडलं. माणसं ओट्यावर टेकायच्या आधी विचारायची, "आप्पा, आज मन कसं हाय?"

संक्रांत होऊन गेल्यावर तारामती परत आली. का आली, ते तिनं सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. घरातलं काम तिनं पहिल्यासारखं अंगावर घेतलं. सिद्रामप्पाचं ताट सिताबाईच वाढायची. तारामती त्याच्यासमोर यायची नाही. उन्हाळा लागला. एका सकाळी तो ओट्यावर खल घेऊन बसला होता, तेव्हा ती आली आणि थोडं अंतर ठेवून बसली. तिनं हात पुढं केला.

"भावजी, माझी नाडी बघा. उरात जळतंय. अन्न गोड लागत न्हाय."

"कवापासनं?"

"तुमाला ठाऊक हाय कवापासनं."

त्यानं बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. तिची चाल त्याच्यासारखी नव्हती, सापासारखी वळत जाणारी, वाताची, बारीक होती. मधूनच एक ठोका उसळायचा.

"शतावरी देतो दुधातनं," तो म्हणाला. "जेवण लागंल. झोप लागंल. पण खरं सांगू का बाई, सगळी जळजळ औषधानं जायची न्हाय."

"ते मला म्हाईत हाय." तिनं हात मागं घेतला. मग पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ पाहून तिनं विचारलं, "तुमची कशी गेली?"

"गेली न्हाय."

"मग त्या दिवशी त्याला औषध कसं दिलंत?"

सिद्रामप्पानं खलातलं कुटायचं थांबवलं. आडावर सिताबाई पाणी शेंदत होती, रहाटाचा आवाज येत होता. "म्या दिलंच न्हाय," तो म्हणाला. "नबीलालनं दिलं. म्या दिलं असतं तर तो मेला असता. म्या नुसतं माझा हात लांब ठिवला, तारा. तेवढंच जमलं मला."

तारामती ऐकत राहिली.  मग ती म्हणाली, "मला वाटत होतं तुमाला काही झालंच न्हाय. तुमी विसरलाव."

"न्हाय."

ती उठली. शतावरीची पुडी तिनं कनवटीला लावली. आत जाता जाता थांबून म्हणाली, "दुधातनं म्हणजे सकाळी का रातच्याला?"

"सकाळी. अनशापोटी."

दुपारी जेवायला बसल्यावर त्याच्या पुढ्यात ताट आलं, ते सिताबाईनं आणलेलं नव्हतं. तारामतीनं भाकरीवर तूप घातलं, वरणाची वाटी ठेवली, आणि चुलीकडं गेली. सिद्रामप्पानं मान खाली घालून जेवण केलं.